एक सत्र परदेशात: आधी मास्तरांनी जावं, मग पोरं जातील

माणदेशी भूगोल (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

गेल्या आठवड्यात एमएस्सीच्या वर्गात मी विचारलं, "एक सत्र युरोपात शिकायला कुणाला जायचंय?" तीस जणांत एकही हात वर आला नाही. तास संपल्यावर चौघं केबिनपाशी आली. त्यातला एक म्हणाला, "मॅडम, तुम्ही खरंच आम्हाला विचारत होता, की नोटीस आली म्हणून वाचून दाखवलंत?" त्या प्रश्नानं मला दोन रात्री झोप नव्हती. म्हणून हा धागा.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात भूगोल शिकवते. माहेर माण तालुक्यात. चार वर्षांपूर्वी युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस या शिक्षण-देवाणघेवाणीच्या योजनेतून सात दिवस एस्टोनियातल्या तार्तू गावी शिकवायला गेले होते. गाव म्हणजे लाखभर वस्तीचं शहर. विद्यापीठ १६३२ सालचं, आणि मधून वाहणाऱ्या नदीचं नाव एमायोगी, म्हणजे त्यांच्या भाषेत आईनदी. हे नाव कळलं तेव्हाच निम्मं परकेपण गेलं.

नियमाप्रमाणे आठवड्याला किमान आठ तास शिकवावं लागतं. मी विषय घेतला होता 'बेसाल्ट खडकातलं भूजल'. आपल्या दख्खनच्या पठारावर पाणी खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात कसं साठतं, एका विहिरीला पाणी आणि शंभर पावलांवरची कोरडी असं का होतं, हे सगळं. पहिल्या तासाला मी माणचा पाऊस सांगितला, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे साडेसहाशेच्या आसपास पडतो. मग तुमच्याकडे दुष्काळ कसा?" त्या प्रश्नावर दीड तास गेला. त्यांच्याकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो आणि थंडीमुळे पाणी फारसं उडून जात नाही. आपल्याकडे चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत पडतो आणि उन्हाळा तो शोषून घेतो. पावसाच्या आकड्यांत फरक थोडाच, पण त्यांच्या देशाचा सुमारे पाचवा हिस्सा दलदल आणि आमच्या गावाला टँकर. पंधरा वर्षं बाष्पीभवन शिकवत होते. ते मला त्या दिवशी पहिल्यांदा अंगात भिनल्यासारखं कळलं.

पुढच्या वर्षी आमची एक विद्यार्थिनी त्याच करारातून पाच महिन्यांसाठी गेली. वडील मेंढपाळ, शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात. तिनं आधी विमान सोडा, विमानतळही पाहिला नव्हता. तिथल्या दलदलीत रुंद तळव्यांचे बूट बांधून चालली. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं साठत गेलेला पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर तिनं हातानं मोजला. परत आली ती विहिरींच्या पातळीची नोंदवही घेऊनच गावात शिरली. आज तिच्याकडे अकरा विहिरींच्या दर पंधरवड्याच्या नोंदी आहेत.

ती का गेली? हुशार होती म्हणून नव्हे, तिच्याहून हुशार मुलं घरी राहिली. ती गेली कारण तिची बाई आधी जाऊन आली होती. कुठल्या स्टेशनवर उतरायचं, वसतिगृहात भांडी मिळतात का, प्राध्यापकांना नावानं हाक मारली तर चालतं का, हे तिला माझ्याकडून कळलं. माहितीपत्रकानं मुलं जात नाहीत. ओळखीचं माणूस जाऊन आलं की जातात.

म्हणून विनंती दोन्हीकडे आहे. विद्यार्थ्यांनी विचारायला या. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आधी तुम्ही अर्ज करा.

---

लातूरकर आई

मॅडम, वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. तिच्या मनात आहे, पण घरात सगळ्यांचा एकच सूर, वर्ष वाया जाईल आणि खर्च झेपायचा नाही. आम्ही शाकाहारी. थेट विचारते, राग मानू नका. पैसे किती लागतात आणि मुलगी तिथे एकटी राहू शकेल का?

---

माणदेशी भूगोल

ताई, राग कसला. हेच प्रश्न माझ्या विद्यार्थिनीच्या आईनं चुलीपाशी बसवून मला विचारले होते.

लोक सगळं एकाच पिशवीत घालतात म्हणून घाबरतात. परदेशात पूर्ण पदवी घ्यायला जाणं वेगळं, त्यात कर्ज येतं. मी सांगतेय ते 'क्रेडिट मोबिलिटी'चं. मुलगी आपल्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी राहते, फी इथलीच भरते, तिथली शिकवणी फी माफ असते. मुक्काम दोन ते बारा महिन्यांचा. युरोपीय संघाकडून देशानुसार महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो राहण्याजेवण्यासाठी मिळतात आणि प्रवासासाठी अंतरानुसार वेगळी रक्कम. तार्तूसारख्या शहरात वसतिगृहात राहून, स्वतः रांधून यात भागतं. पॅरिस किंवा डब्लिनमध्ये ओढाताण होईल.

पण एक अट नीट समजून घ्या. यासाठी विद्यार्थ्याला थेट ब्रुसेल्सला, म्हणजे युरोपीय संघाकडे अर्ज करता येत नाही. आपलं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ यांच्यात करार असावा लागतो आणि पैसे तिकडचं विद्यापीठ तिकडच्या देशातल्या या योजनेच्या संस्थेकडे मागतं. म्हणून तर मी शिक्षकांच्या मागे लागलेय. करार कागदावर होण्याआधी कुठल्या तरी दोन शिक्षकांची एकमेकांशी ओळख व्हावी लागते.

जेवणाचं म्हणाल तर माझ्या विद्यार्थिनीनं भाजणी आणि हुलग्याचं पीठ नेलं होतं. तिथे गेल्यावर तिला 'कामा' मिळालं. बार्ली, राय, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं पीठ, ते आंबट दुधात कालवून खातात. तिनं मला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "मॅडम, हे तर आपलं सातूचं पीठ!" खोलीतल्या मैत्रिणीला तिनं पिठलं शिकवलं.

एकटेपणाचं खोटं सांगणार नाही. जानेवारीत तिथे दिवस जेमतेम सात तासांचा. पहिले तीन आठवडे ती रोज रडली आणि मी रोज रात्री दहा वाजता फोन केला. चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला नाही, ती मैत्रिणींबरोबर गोठलेल्या तळ्यावर गेली होती.

---

कचेरीतले नाना

मी निवृत्त. ३१ वर्षं एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली. "वर्ष वाया जाईल" ही भीती खोटी नाही आणि त्याचा दोष बराचसा आमच्यासारख्यांकडे जातो.

एक मुलगा एक सत्र बाहेर शिकून आला. गुणपत्रक चांगलं होतं. आमच्या विभागानं शेरा मारला, विषयांची नावं जुळत नाहीत. त्याला सगळे पेपर पुन्हा द्यावे लागले. त्या टिपणीवर माझीही सही होती. नियमाच्या अक्षराप्रमाणे सही बरोबर होती, पण त्या पोराचे सहा महिने गेले आणि त्याच्या मागच्या तीन तुकड्यांतलं कुणी अर्जाला धजलं नाही. हे मनातून जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जाण्याआधी 'लर्निंग ॲग्रीमेंट' करून घ्या. तिथे कोणते विषय घेणार आणि इथल्या कोणत्या विषयांच्या बदल्यात ते धरले जाणार, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यावर विद्यार्थी, आपलं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या हव्यात. इथल्या बाजूनं नुसत्या विभागप्रमुखांच्या सहीवर विमानात बसू नका. अभ्यास मंडळाची मान्यता घ्या आणि पत्राची एक प्रत परीक्षा विभागाच्या आवक क्रमांकासह घरी ठेवा. तिकडे गेल्यावर विषय बदलले, तर सुधारित करार त्याच महिन्यात करा.

क्रेडिटच्या आकड्यानंही घोटाळा होतो. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे सत्राला ३०. आपल्याकडे सत्राला २० ते २२. लोक त्रैराशिक मांडत बसतात. त्यांचं एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तासांचे कष्ट, घरचा अभ्यास धरून. आपलं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. मोजपट्टीच वेगळी आहे. त्यांचं एक पूर्ण सत्र म्हणजे आपलं एक पूर्ण सत्र, असं धरलं की प्रश्न सुटतो.

वरूनही आता दार उघडलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत परदेशी विद्यापीठाबरोबर 'ट्विनिंग' करताना, म्हणजे पदवी इथलीच ठेवून काही भाग तिकडे शिकताना, ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिकडून घेता येतात. आपल्या संस्थेला नॅकचं, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेचं, किमान ३.०१ गुणांकन किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात जागा किंवा केंद्राचा 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' दर्जा लागतो. ज्यांच्याकडे हे आहे, त्यांनी तरी "नियमात बसत नाही" म्हणू नये.

---

माणदेशी भूगोल

नाना, इतकं मोकळेपणानं लिहिलंत, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी आमच्या अभ्यास मंडळासमोर वाचून दाखवणार आहे.

---

उंबरठा

वेगळं मत मांडतो. आपण या मुलांना बाहेरचा रस्ता दाखवतोय. गेलेली किती परत येतात? खेड्यातली हुशार मुलं आधी पुण्याला जातात, मग म्युनिकला. गावाला काय उरतं? शिक्षकांनी परदेशाचं वेड लावण्यापेक्षा इथली प्रयोगशाळा सुधारावी.

---

माणदेशी भूगोल

प्रश्न रास्त आहे. माझ्या गावातल्या बंद घरांची कुलपं मी रोज पाहते.

पण म्हणूनच मी सत्राबद्दल बोलतेय, पदवीबद्दल नाही. पदवी इथली पुरी करायची असल्यानं मुलगी परत येतेच. रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले. त्यांना कुठेही मोठ्या पगाराची जागा मिळाली असती. ते परत आले आणि ७५ रुपये पगारावर फर्ग्युसनमध्ये रुजू झाले. तसं वचन देऊन गेले होते. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं तेव्हाही महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीबरोबर दहा वर्षांच्या नोकरीचा करार होता. बडोद्यात त्यांना राहायला जागाही मिळू दिली नाही, ही आपल्या समाजाची शरम आहे. परत येणाऱ्याला जागा देणं हे पाठवण्याइतकंच मोठं काम आहे. प्रयोगशाळेबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

मांडवीकाठ

मी गोव्याहून. धाग्याचं शीर्षक वाचून मला धर्मानंद कोसंबी आठवले.

साखवाळ गावचा माणूस. कॉलेजची पदवी नाही. बौद्ध धर्म शिकायचा ध्यास घेऊन घर सोडलं, पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेला पोचले आणि तिथे पाली शिकले. पुढे १९१० मध्ये हार्वर्डला बोलावणं आलं, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या अर्धवट राहिलेल्या संपादनासाठी. परत येऊन फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेले पु. वि. बापट नंतर हार्वर्डलाच गेले, डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन पुण्यात बौद्ध अभ्यासाची मोठी परंपरा उभी केली. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी हार्वर्डमध्येच गणित शिकले.

बाई म्हणतायत तेच झालं होतं. आधी मास्तर गेले, मग शिष्य गेले. आपलं शिक्षण कमी पडेल म्हणून मागे राहणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

---

शाहूनगरी

मी दोन वर्षांपूर्वी शासकीय शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये एमए करून आलो. आमच्या घरात मी पहिला पदवीधर.

माझं गाडं इंग्रजीत किंवा पैशात अडलं नाही, शिफारसपत्रात अडलं. तिकडची विद्यापीठं शिफारसपत्र शिक्षकाच्या संस्थेच्या ईमेलवरून मागतात. माझ्या कॉलेजात एकाही सरांकडे तसा ईमेल नव्हता, सगळ्यांचे जीमेल. एक अर्ज त्याच कारणानं परत आला. दुसरं म्हणजे, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी काय लिहिणार माझ्याबद्दल? मी लिहिलं, 'विद्यार्थी शिस्तप्रिय व होतकरू आहे.' अशा पत्रानं कुणी घेत नाही. शेवटी एका मॅडमनी दोन तास समोर बसवून विचारलं, तू माझ्या वर्गात काय केलंस ते आठव. मी वाड्यावस्त्यांवरच्या शाळागळतीची पाहणी केली होती, ते त्यांनी बारकाव्यानिशी लिहिलं. त्या पत्रावर प्रवेश मिळाला.

शिक्षकांना माझी विनंती, तुम्हाला जाता आलं नाही तरी चालेल, पण पत्र स्वतः लिहा. विद्यार्थ्याला त्यापेक्षा मोठी मदत नाही.

अनुसूचित जातीच्या मुलांनी समाजकल्याण आयुक्तालयाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप या दोन्हींची जाहिरात पाहत राहावं. राज्याच्या योजनेत ७५ जागा असतात. अटी दरवर्षी नीट वाचा, क्रमवारीची आणि उत्पन्नाची मर्यादा बदलते. विद्यापीठाचा विनाअट प्रवेश हातात असला की काम सोपं होतं, म्हणून तयारी वर्षभर आधी सुरू करा.

---

रानपाखरू

मी तासिका तत्त्वावर शिकवते, नववं वर्ष. धागा वाचून आनंद झाला आणि मग गप्प झाले. आम्हाला रजाच नाही. तास नाही घेतला तर मानधन नाही. 'आधी शिक्षकांनी जावं' यात आम्ही आहोत का?

---

माणदेशी भूगोल

रानपाखरू, तुमच्या प्रश्नानं मला थांबवलं. खरं सांगते, धागा लिहिताना तुमचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. तो असायला हवा होता, कारण आमच्या विभागात निम्मे तास तुमच्यासारखेच शिक्षक घेतात.

इरॅस्मसच्या नियमांना आपलं विद्यापीठ तुम्हाला कर्मचारी मानतं की नाही याच्याशी मतलब असतो. त्यामुळे खरा अडसर इथलाच आहे. कायम शिक्षकाला कर्तव्य रजा मिळते, तुम्हाला नाही. मी पुढच्या बैठकीत लेखी मागणी करतेय की निवड झालेल्या तासिका शिक्षकांचे तास आम्ही वाटून घेऊ आणि त्या आठवड्याचं मानधन कापू नये. होईलच असं नाही. पण नावानिशी कागद जाईल.

पीएचडीला नोंदणी असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप जरूर पाहा. सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात संशोधन करता येतं आणि परत येऊन पदवी इथेच पुरी करायची असते. अर्जाला शुल्क नाही. 'करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

---

हायडेलबर्गकर

नाव फक्त जर्मनीतल्या या गावावरून घेतलंय. इथल्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत महाराष्ट्राचा अभ्यास झाला आहे, हे सांगायला आलो. खंडोबाचा आणि धनगरांच्या ओव्यांचा अभ्यास करणारे ग्युंटर सोंथायमर इथेच शिकवत. ते जेजुरीला जायचे, धनगरवाड्यांवर मुक्काम करायचे.

धागाकर्तीला एक सुचवतो. करारात तिकडची मुलं आपल्याकडे येण्याचीही तरतूद ठेवा. अमेरिकी कॉलेजांची मुलं पुण्यात एक सत्र मराठी कुटुंबांत राहून मराठी शिकून जात, त्यातली काही आयुष्यभर महाराष्ट्राचा अभ्यास करत राहिली. तुमच्या माणात एखादी एस्टोनियन मुलगी उन्हाळ्यात विहिरी मोजायला आली, तर गावातल्या दहा मुलींची भीड मोडेल, तिकिटाशिवाय.

---

माणदेशी भूगोल

हे सुचलंच नव्हतं! आमच्या त्या विद्यार्थिनीला आत्ताच फोन केला. म्हणाली, "येऊ द्या मॅडम, आमच्याकडेच राहील, आई भाकरी शिकवेल." आज रात्रीच तार्तूला लिहिते.

---

लातूरकर आई

मॅडम, काल सगळे प्रतिसाद यांना मोठ्यानं वाचून दाखवले. नानांचा प्रतिसाद दोनदा. लेकीचे आजोबा म्हणाले, "पाच महिन्यांचं तर आहे, बाळंतपणाला माहेरी येतात तितकंच." मुलगी उद्या विभागप्रमुखांना भेटणार आहे. त्यांच्या विभागाचा करार नाही, पण एक सर मागे पोलंडला जाऊन आलेत असं कळलं. पासपोर्टचा अर्ज आजच भरायला घेतलाय. काही सूचना?

---

माणदेशी भूगोल

ताई, त्या पोलंडच्या सरांना आधी गाठा, विभागप्रमुख नंतर.

पासपोर्टचं म्हणाल तर नाव जपून भरा. आपल्याकडे गुणपत्रकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि पुन्हा आईचं नाव वेगळं असतं. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. माझ्या विद्यार्थिनीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव राहून गेलं आणि तिकडच्या प्रवेशपत्रावर ते आलं. दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत हे पटवायला प्रतिज्ञापत्र आणि तीन आठवडे लागले, व्हिसाची मुलाखत पुढे गेली. दहावीचं प्रमाणपत्र शेजारी ठेवा, एकेक अक्षर त्यावरून उतरवा आणि भरून झालं की लेकीला एकदा मोठ्यानं वाचायला सांगा.